शाळेपासून गाळ्यापर्यंत : वसईच्या विद्यार्थ्यांसाठी शिकाऊ उमेदवारीची वाट

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील सांडोर हे जुन्या वस्तीचे गाव. केळी, भाजीपाला, फुले आणि विड्याची पाने यांच्या वाड्यांसाठी हा पट्टा पिढ्यानपिढ्या ओळखला गेला. तथापि २००१ च्या जनगणनेत सांडोरची नोंद 'जनगणना-नगर' म्हणून झाली. या नोंदीचा अर्थ सहसा कोणी उलगडून पाहत नाही. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात, या तिन्ही कसोट्या उतरल्याखेरीज एखाद्या गावास हे नाव मिळत नाही. म्हणजे वाड्यांचे गाव म्हणून ज्याची ख्याती, त्या गावातील चारांपैकी तीन कर्त्या पुरुषांचे पोट त्या वेळीच वाडीवर अवलंबून राहिलेले नव्हते. पुढे २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि या पट्ट्याचे नागरीकरण अधिकच वेगाने वाढले.

वाडीत काम करणारा मुलगा ते काम वडिलांच्या हाताखाली शिकत असे. पाणी केव्हा सोडावे, पान केव्हा खुडावे, हे त्याला कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही. शेतीबाहेरच्या धंद्यात असा वडील घरात नसतो. लेथ यंत्रावर, वीजजोडणीच्या फलकावर किंवा हिशेबाच्या संगणकावर हात बसवायचा तर तो बाहेर कोणाच्या तरी हाताखाली बसवावा लागतो. तो कोणी, कोठे आणि कोणत्या अटींवर बसवावयाचा, हा प्रश्न सांडोरसारख्या गावातील प्रत्येक दहावी उत्तीर्ण मुलाच्या आणि मुलीच्या घरात दरवर्षी निकालानंतर उभा राहतो.

एका रेल्वेमार्गाचे अंतर

वसईच्या पूर्वेस गोखिवरे, वालीव, सातिवली या भागात लहान उद्योगांचे मोठे जाळे पसरलेले आहे. प्लॅस्टिक, अभियांत्रिकी सुटे भाग, वेष्टन साहित्य अशा नाना वस्तूंचे उत्पादन तेथील औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून होते. पश्चिमेच्या गावांपासून हे अंतर काही कोसांचेही नाही. मध्ये रेल्वेमार्ग आहे एवढेच. परंतु पश्चिमेच्या कुटुंबांची नजर पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गाडीकडे लागलेली. बँक, विमा कंपनी, सरकारी कचेरी, गोदी, रेल्वे, अलीकडे परदेशची नोकरी, ही या भागातील घरांची स्वप्ने. पूर्वेचा गाळा त्यांत बसत नाही. गाळ्याच्या मालकाच्या दृष्टीनेही पश्चिमेचा मुलगा हा पदवी घेऊन मुंबईस जाणारा मुलगा. दोघांची गाठच पडत नाही, आणि पडली तरी मालक विचारतो, 'पूर्वी काम केले आहे काय?' मुलाने काम केलेले नसते, कारण ते करण्याची संधी त्यास कोणी दिलेली नसते.

हे चक्र तोडण्याचा कायदेशीर उपाय देशात साठ वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. त्याची माहिती मात्र शाळांच्या शिक्षक-खोल्यांत आणि पंचायतींच्या कचेऱ्यांत फारशी पोहोचलेली दिसत नाही.

जुन्या स्मृतींतील करार

शिकाऊ उमेदवारी ही परदेशातून आलेली कल्पना आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. नारदस्मृतीत शिल्प शिकण्यासाठी गुरूकडे राहणाऱ्या 'अंतेवासी' विद्यार्थ्याचे नियम दिलेले आहेत. आप्तांच्या संमतीने त्याने गुरूकडे जावे, किती काळ राहावयाचे ते आधी ठरवावे. गुरूने त्यास आपल्या घरी अन्न द्यावे, शिकवावे, पुत्राप्रमाणे वागवावे आणि शिल्पाखेरीज दुसरे काम त्याच्याकडून करून घेऊ नये, असा त्याचा आशय. याज्ञवल्क्यस्मृतीत आणखी एक व्यवहारी तरतूद आढळते. विद्यार्थी मुदतीपूर्वी शिकून तयार झाला तरी ठरलेला काळ त्याने गुरूकडे राहावे आणि त्या काळातील कामाचे फळ गुरूस मिळावे. शिकविणाऱ्याचा खर्च भरून निघावा आणि शिकणाऱ्याची पिळवणूक होऊ नये, असे दोन्ही बाजूंचे हित येथे सांभाळलेले आहे. 'दुसरे काम करून घेऊ नये' हा नियम तर आजच्या अनेक कारखान्यांच्या दारावर लावावा इतका ताजा आहे.

ही परंपरा जातीच्या चौकटीत बांधलेली होती आणि म्हणून सुताराच्या मुलाखेरीज इतरांस सुतारकाम शिकणे दुरापास्त होते, हेही विसरून चालणार नाही. आधुनिक कायद्याने ती चौकट काढून टाकली आणि करार तेवढा ठेवला. इतकेच नव्हे तर अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्यात केली.

१९६१ चा कायदा आणि त्याची वाढ

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था स्थापन होऊ लागल्या. संस्थेतील यंत्र आणि कारखान्यातील यंत्र यांत फरक असतो, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून १९५९ मध्ये ऐच्छिक स्वरूपात राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजना सुरू करण्यात आली. ऐच्छिक योजनेस मालकांचा प्रतिसाद बेताचाच मिळतो, या अनुभवातून संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ संमत केला. प्रारंभी तो जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, वीजतंत्री अशा कारागिरीच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. १९८६ मध्ये उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना त्यात स्थान मिळाले. महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम १९८८-८९ पासून सुरू झाले, ते याच प्रवाहात. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसही दार उघडले आणि ठरीव यादीबाहेरचे 'ऐच्छिक व्यवसाय' सुरू करण्याची मोकळीक मालकांना दिली. तोपर्यंत मालकास कैदेची शिक्षा सांगणारे कलम होते, ते काढून दंडापुरते मर्यादित करण्यात आले.

२०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. हे प्रमाण कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच टक्क्यांहून कमी आणि १५ टक्क्यांहून अधिक असू नये, असे ठरले. ४ ते २९ माणसे असलेल्या आस्थापनांस उमेदवार घेणे ऐच्छिक ठेवण्यात आले. त्याच नियमांनी दरमहा विद्यावेतनाच्या किमान रकमा निश्चित केल्या : पाचवी ते नववी उत्तीर्णांस ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णांस ६,०००, बारावी तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्यांस ७,०००, पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस ९,०००. केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू करून विद्यावेतनाच्या २५ टक्के, परंतु कमाल १,५०० रुपये, एवढा वाटा स्वतः उचलला. २०२३ पासून तो उमेदवाराच्या बँक खात्यात थेट जमा होऊ लागला.

वसईच्या संदर्भात या तरतुदींतील ३० चा आकडा कळीचा ठरतो. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत दहा-पंधरा माणसांवर चालणारे धंदे विपुल आहेत. त्यांच्यावर कायद्याची सक्ती नाही. माझगाव गोदीसारखा मोठा उपक्रम दरवर्षी जाहिरात देऊन आठवी, दहावी आणि औद्योगिक प्रशिक्षण उत्तीर्ण अशा तीन गटांतून उमेदवार घेतो. तारापूरचे अणुवीज केंद्र किंवा पश्चिम रेल्वेच्या मुंबईतील कार्यशाळा यांचीही व्यवस्था ठरलेली आहे. तेथे जागा मोजक्या आणि स्पर्धा राज्यभराची. गावाजवळच्या गाळ्यात जागा निर्माण व्हावयाची असेल तर ती मालकाच्या राजीखुशीनेच होणार. येथे शाळा व पंचायत यांचे काम सुरू होते.

लहान मालकाची अडचण खरी असते. त्याच्याकडे शिकविण्यासाठी वेगळा माणूस नसतो. सर्व प्रकारची यंत्रेही एकाच गाळ्यात नसतात. एकाकडे लेथ, दुसऱ्याकडे प्लॅस्टिकचे साचे, तिसऱ्याकडे वेल्डिंग. यावर कायद्यातच तोड आहे. अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, उमेदवारांना प्रशिक्षण देण्याची मुभा अधिनियमाच्या आठव्या कलमात आहे. एका वसाहतीतील आठ-दहा गाळेधारक एकत्र आले तर एक उमेदवार चार महिने एका यंत्रावर, चार महिने दुसऱ्यावर असा फिरू शकतो. ज्याने पूर्वी औद्योगिक प्रशिक्षण घेतलेले नाही, त्याच्या मूलभूत प्रशिक्षणाची सोय शासकीय संस्थांशी संलग्न असलेल्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रांतून होते.

जर्मनीत हेच काम व्यापारी व उद्योजकांच्या मंडळांकडे सोपविलेले आहे. तेथे १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यानुसार उमेदवार आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. अभ्यासक्रम मालक व कामगार संघटना यांच्या सहमतीने ठरतो आणि परीक्षा उद्योजकांची मंडळे घेतात. आपल्याकडील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत २०१६ पासून आलेली द्वि-प्रशिक्षण पद्धती याच धर्तीची. फरक असा की जर्मन मालक उमेदवार घेणे ही आपल्या धंद्याची प्रतिष्ठा समजतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ती एक नोंदवही भरण्याची कटकट समजली जाते.

पाबळचा धडा

सोळा वर्षांचा मुलगा एकदम कारखान्यात जाऊन रुळत नाही. हाताला कामाची सवय शाळेतच लागावी लागते. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली नई तालीम, कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारिलेला कार्यानुभव, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीचे समाजोपयोगी उत्पादक कार्य, या सर्वांचा हेतू हाच होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' हे तत्त्व प्रत्यक्ष राबविले गेले आणि हजारो गरीब मुलांचे शिक्षण त्या बळावर झाले. इतरत्र मात्र कार्यानुभवाचा तास कागदी फुले आणि खडूच्या डब्या यांवर निभावला गेला, हे शिक्षकबंधूंना सांगण्याची गरज नाही.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे वेगळा प्रयोग झाला. हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करावे, असा त्यांचा कार्यक्रम. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य, असे कामाचे चार विभाग. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाच्या या अभ्यासक्रमास राज्याच्या माध्यमिक मंडळाने पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. त्यातील दोन गोष्टी सांडोरच्या शाळेनेही विचारात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे शिकविणारी माणसे. ती प्रशिक्षित पदवीधर शिक्षक नसून गावातीलच कारागीर व उद्योजक होती. दुसरी म्हणजे कामाचे गिऱ्हाईक. मुले सरावासाठी लोखंडाचे तुकडे जोडून फेकून देत नसत. गावकऱ्यांस हवे असलेले फाटक, बाक, पाण्याची टाकी, वीजजोडणी अशी कामे घेत. गिऱ्हाईक समोर उभे असते तेव्हा वाकडा सांधा चालत नाही. मोजमाप, भूमिती, विजेचे नियम आणि हिशेब ही सर्व पुस्तके त्या एका फाटकात येऊन बसतात. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने फॅब लॅब, म्हणजे अंकीय यंत्रांची कार्यशाळा, पाबळमध्ये उभी राहिली, ती या पायाभरणीमुळेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस केली आहे. या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा कारागिरांकडे उमेदवारी करावी अशी कल्पना आहे. दहा दिवसांत कोणी माळी होत नाही हे उघड आहे. परंतु वसईच्या फुलवाल्या बागायतदाराकडे, होडी दुरुस्त करणाऱ्याकडे, पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात, गावातील सहकारी पतपेढीत असे दहा दिवस नीट आखले, तर मुलास आपला कल कोठे आहे हे दहावीपूर्वीच उमगते. सहलीसारखे नेऊन आणले तर खाऊ खाण्यापलीकडे काही होत नाही.

पिळवणुकीची भीती

या विषयावर पालकांत एक शंका नेहमी बोलली जाते : मालक शिकाऊ म्हणून घेईल आणि वर्षभर झाडलोट, बांधाबांध करून घेईल. शंका निराधार नाही. स्वस्त मजूर म्हणून उमेदवार वापरणारे मालक आहेत, आणि त्यांच्यामुळेच चांगल्या मालकांकडेही मुले पाठविण्यास घरचे कचरतात.

कायदा या बाबतीत काय सांगतो, हे पालकांपर्यंत पोहोचले पाहिजे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे कामगारांचे सर्वसाधारण कायदे त्यास लागू होत नाहीत. तथापि आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांविषयीच्या तरतुदी त्यास कामगाराप्रमाणेच लागू आहेत, आणि प्रशिक्षणाच्या वेळी अपघात झाल्यास नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी मालकाची आहे. उमेदवाराचे किमान वय १४ वर्षे, पण धोकादायक उद्योगांसाठी १८. प्रत्येक उमेदवाराशी लेखी करार व्हावा लागतो आणि त्याची नोंद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे करावी लागते. ही नोंदणी आता केंद्र शासनाच्या संकेतस्थळावरून होते. करार नोंदविलेला नसेल तर तक्रारीच्या वेळी हातात फारसे काही राहत नाही. गावोगाव 'तोंडी उमेदवारी' चालते, तेथे बहुतेक नुकसान याच कारणाने होते. पदवी व पदविकाधारकांसाठी पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे. वसईच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडणाऱ्यांनी त्याकडे वळावे.

दुसरी शंका मुदतीनंतरची. शिकवून झाल्यावर नोकरी मिळेल काय? मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही, तसेच उमेदवारावर ती स्वीकारण्याचेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात असे सांगितले की, इतर बाबी समान असल्यास प्रशिक्षित उमेदवारास थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक मालकास आपल्याकडील उमेदवारांच्या भरतीचे धोरण ठरविणे आवश्यक केले. ते धोरण काय आहे, हे करारापूर्वी विचारण्याचा अधिकार पालकास आहे. क्वचितच कोणी विचारतो.

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वयोगटातील युवकांना खाजगी उद्योगांत व शासकीय कार्यालयांत सहा महिने प्रत्यक्ष काम, आणि बारावी उत्तीर्णांस दरमहा ६,०००, औद्योगिक प्रशिक्षण व पदविकाधारकांस ८,०००, पदवीधरांस १०,००० रुपये विद्यावेतन, असे तिचे स्वरूप. २०२५ मध्ये मुदत ११ महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. मुदतीनंतर पुढे काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थींनी तेथेही लावून धरला. कचेरीत अकरा महिने आवक-जावक नोंदविणाऱ्या युवकास बाहेरच्या बाजारात त्या अनुभवाचे काय मोल मिळते, याचा विचार ज्या कार्यालयप्रमुखाच्या हाताखाली तो बसतो त्यानेच पहिल्या दिवशी करावयास हवा. याउलट, वर्षभर लेथवर काम करून राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कातारीचे प्रमाणपत्र देशभर चालते.

शिक्षक आणि पंचायत

दहावीच्या वर्गशिक्षकास आपल्या वर्गातील मुलांची घरे ठाऊक असतात. कोणाच्या हातात कसब आहे, कोण केवळ शेजाऱ्याच्या देखादेखी वाणिज्य शाखेकडे निघाला आहे, हे त्याच्याइतके कोणी जाणत नाही. कारखानदाराशी ओळख करून घेणे हे आपले काम नव्हे, असे मात्र त्यास वाटते. वर्षातून दोन वेळा पूर्वेच्या वसाहतीतील चार गाळ्यांना भेट देऊन तेथे कोणती यंत्रे आहेत, मेस्त्री कोण आहे, मुलींसाठी प्रसाधनगृह आहे काय, शेवटची बस केव्हाची, एवढे टिपून आणले तरी शाळेच्या फळ्यावर लावण्याजोगी माहिती तयार होते. मुलींच्या बाबतीत तर कामाच्या स्वरूपापेक्षा येण्याजाण्याची सोय हाच निर्णायक मुद्दा ठरतो. रेल्वेच्या पलीकडून सायंकाळी सात वाजता परतावयाचे असेल तर घरची परवानगी मिळणे कठीण.

मूल कामावर जाऊ लागल्यानंतरही शाळेचा किंवा प्रशिक्षण संस्थेचा संबंध तुटू देऊ नये. उमेदवाराने रोजच्या कामाची नोंदवही ठेवावी आणि ती महिन्यातून एकदा शिक्षकाने पाहावी. सलग तीन आठवडे 'माल भरणे' एवढीच नोंद दिसली तर मालकाशी बोलण्याची वेळ आली असे समजावे. पुष्कळदा मालकाच्या मनात वाईट काही नसते. मागणीची घाई असते आणि मोकळा हात समोर दिसतो. शिक्षकाने विचारणा केली की मुलगा पुन्हा यंत्रावर जातो.

अठरा वर्षांखालील उमेदवाराच्या करारावर पालकाची सही लागते. सही करताना तो कागद कोणी वाचून दाखवत नाही, कारण तो बहुधा इंग्रजीत असतो. ग्रामपंचायतीने अथवा प्रभाग कार्यालयाने वर्षातून एक दिवस, दहावीच्या निकालानंतरच्या पंधरवड्यात, आपल्या सभागृहात मालक, पालक आणि मुले यांना एकत्र बोलवावे. करार मराठीतून मोठ्याने वाचावा. व्यवसायाचे नाव, मुदत, विद्यावेतनाची रक्कम, सुट्ट्या आणि करार मोडल्यास कोणी काय द्यावयाचे, ही कलमे वाचून झाल्यावरच पालकाने सही करावी, आणि त्याची एक प्रत घरी न्यावी.